एक बोट उजवीकडे

फवारणी पंप दुरुस्त करणारा लुकमान तडवी
बंदूक उलटीपालटी करून म्हणाला,
आत तर पंपच आहे हा.
आणि त्याने ती टेबलावर ठेवली,
औषधाचा वास मारणाऱ्या नोझलांच्या शेजारी.
यावलच्या त्या टपरीत माझ्याआधी सतरा पंप होते.
कापूस फवारणीला आलेला.
छऱ्याच्या बंदुकीला कोण विचारतो.

चौथ्या दिवशी त्याने वॉशर काढून दाखवला,
चामड्याचा, सुकल्या बोरासारखा आकसलेला.
अडतीस वर्षं कुणी घोडाच ओढला नाही,
कातडं तरी काय करणार.
नवा त्याने स्वतःच्या जुन्या चपलेतून कापला,
रात्रभर एरंडेलात भिजत घातला.
स्प्रिंग निघाली एका भंगार लुनाच्या शॉकअपमधून.
दोन वेटोळी जास्त होती, ती त्याने छाटली.

दस्ता मात्र मी घरी आणला.
काचपेपर, मग जवसाचं तेल, मग धोतराचं फडकं,
गच्चीवर, सातपुड्याकडे तोंड करून.
काळा थर निघाला आणि खालून वर आला
खिळ्याने कोरलेला एक कु.
कुमुदचा. पुढची अक्षरं यायच्या आत
आईने खिळा हिसकावला होता.
गळवाच्या कडेने हात फिरवतात
तसा मी काचपेपर फिरवला.

बंदूक नावाला माझी.
मॅट्रिक झालो म्हणून अण्णांनी जळगावहून आणलेली,
घरात मात्र सांगितलं, केळीवरच्या वानरांसाठी.
वानरांनी दुसऱ्या दिवशीच ओळखलं,
ही नुसती बोलते.
महिनाभर मी चुकत राहिलो.
डबा, कवेलू, टाकीची तोटी,
छर्रा सगळ्यांच्या डाव्या अंगाने निसटायचा.
मग नववीतली कुमुद,
हाताला अजून बिबड्यांचं पीठ,
ओसरीवर पालथी पडली, एकच छर्रा उडवला
आणि उठून म्हणाली,
नळी डावीकडे बघते रे हिची.
एक बोट उजवीकडे धर.

त्या एका बोटावर तिने
काडेपेटीतल्या काड्या उभ्या करून मोडल्या,
दोरीवरचा चिमटा पाडला, चादरीला भोक न पाडता,
आणि वायकोळ्यांचा अँटेना असा काही फिरवला
की बातम्या रंगात आल्या की त्यांच्या टीव्हीवर
मुंग्या धावायच्या.
मार मी खाल्ला. बंदूक माझी होती ना.
मग ती लग्न होऊन बऱ्हाणपूरला गेली
आणि बंदूक माळ्यावर.
एकाच उन्हाळ्यात.
दोन्हींचा काही संबंध असेल
असं तेव्हा वाटलं नव्हतं.

शनिवारी लुकमानने निरोप धाडला.
टपरीमागच्या कुंपणावर औषधाचा रिकामा डबा ठेवला,
वीस पावलं मोजली,
एक बोट उजवीकडे धरलं.
आवाज तोच, कोरडा, कुणीतरी जीभ टाळूला लावून
'च्यक' करावं तसा.
डबा हलला नाही.
सहा छर्रे गेले, सहाही उजव्या अंगाने.
लुकमान खांबाला टेकून बघत होता.
नळी वाकडी होती, शेठ, तो म्हणाला,
व्हाइसमध्ये धरून काढली. त्याचे पैसे नका देऊ.
मग जरा थांबून,
बंदूक सरय हाये आता.
डोया वाकडा हाये तुमचा.

रात्री कुमुदला फोन लावला.
गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पडून असते.
वॉशर सांगितला, चप्पल सांगितली,
कु अजून आहे म्हटल्यावर हसली.
मग नळीचं सांगितलं.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.
दुसरी झाली.

सरळ केलीस?
म्हणजे आता ती कुणालाही येईल.

सकाळी दुकान उघडायच्या आधी
मी कुंपणापाशी गेलो
आणि त्या डब्याच्या उजवीकडे, बोटभर अंतरावर,
आणखी एक डबा ठेवून आलो.